गावाच्या पाणलोटाचा नकाशा ड्रोनने कसा करावा

पाझर तलाव, नाला बांध, समतल चर यांपैकी कोणतेही काम गावात निघाले की पहिला प्रश्न एकच असतो: पाणी नेमके कुठून येते आणि कुठे जाते? सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलदर्शक नकाशा उघडला तर त्यावर समपातळी रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. सोलापूर-बीडकडच्या सपाट गावाचे अर्धे शिवार अशा दोन रेषांच्या मध्येच संपते. उपग्रहावरून केलेले, फुकट मिळणारे उंचीचे नकाशे बहुतेक ३० मीटरच्या चौकटीचे. चार मीटर रुंदीची ओघळ त्यात दिसत नाही, आणि गावाचे पाणी तर अशाच ओघळींतून वाहून जाते. ही उणीव ड्रोनने भरून निघते.

मात्र सगळ्याच कामांना ड्रोन लागत नाही. तालुक्यात पीक कुठे वाळते आहे एवढेच पाहायचे असेल तर सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रे दर पाच दिवसांनी १० मीटरच्या चौकटीत फुकट मिळतात. तिथे ड्रोन उडवणे ही हौस झाली. पाचशे हेक्टरांपर्यंतचे एखादे पाणलोट क्षेत्र, आणि त्याची उंची-उतार हाताच्या बोटाएवढ्या बारकाईने हवी, असे काम असेल तरच पुढे वाचा.

हंगाम आधी ठरवा

ड्रोनचा साधा कॅमेरा जे वरून दिसते त्याचीच उंची मोजतो. शेतात ज्वारी उभी असेल तर नकाशात कणसांची उंची येईल, जमिनीची नाही. म्हणून उताराच्या नकाशासाठी रब्बीची काढणी झाल्यापासून वळिवाच्या पहिल्या सरीपर्यंतचा काळ धरावा. एप्रिलचा दुसरा पंधरवडा सगळ्यात चांगला. गवत वाळून बसलेले असते, पानगळीची झाडे बरीचशी उघडी असतात, पाझर तलावही बहुधा कोरडे पडलेले असतात. नांगरट झालेल्या रानात ढेकळांमुळे उंची थोडी खरबरीत येते, पण ती पुढे संगणकावर सपाट करता येते.

उसाच्या पट्ट्यात ही सोय नाही. ऊस वर्षभर कुठे ना कुठे उभा असतोच. अशा ठिकाणी उसाच्या फडांचे तुकडे नकाशात वेगळे काढावेत आणि त्यांच्या कडेने, पाटाच्या बाजूने पायी फिरून उंचीचे बिंदू घ्यावेत. पिकाच्या फटीतून जमिनीपर्यंत पोहोचणारा लायडार हा लेझरचा संवेदक असतो, पण त्याचा खर्च एका गावाला परवडण्यातला नाही. दाट उभ्या उसात त्याचाही फारसा भरवसा नसतो.

पाणी कुठवर साठते हे पाहायचे असेल तर हंगाम बदला: ऑक्टोबर-नोव्हेंबर. गायरानातले गवत किती आणि कुठे, हे कापणीच्या आधी, साधारण त्याच सुमारास. एकाच उड्डाणात सगळी उत्तरे मिळतील ही अपेक्षा सोडून द्या.

परवानगी आणि गाव

ड्रोनसाठी आपल्याकडे ‘ड्रोन नियम, २०२१’ लागू आहेत. २५ ऑगस्ट २०२१ रोजी ते जाहीर झाले आणि पुढे त्यांत दुरुस्त्याही झाल्या. वजनावरून वर्ग पडतात: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल. मोजणीचे बहुतेक ड्रोन मायक्रो किंवा स्मॉल वर्गातले. ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि विमा हाताशी हवा. मायक्रो ड्रोन बिगरव्यावसायिक कामाला वापरला तर चालकाच्या प्रमाणपत्राची सक्ती नाही. मोबदला घेऊन काम करणाऱ्याकडे मात्र ते असलेच पाहिजे. काम देण्याआधी मागून पाहा, लाजू नका.

सरकारी हवाई नकाशावर आपले गाव हिरव्या पट्ट्यात आहे का ते उड्डाणाच्याच आठवड्यात तपासावे. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत उडता येते. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या आत असाल तर मर्यादा २०० फूट. माथ्यावरची जमीन वनखात्याची असेल, आणि माथा बहुतेक वेळा वनखात्याचाच असतो, तर त्यांची लेखी परवानगी वेगळी. अभयारण्य असेल तर ही वाट लांबची आहे. दोन-तीन महिने आधी अर्ज करा.

यापुढचे काम कायद्यात लिहिलेले नाही, पण तितकेच गरजेचे आहे. २०२४च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनच्या बातम्यांनी लोक धास्तावले होते. काही गावांनी रात्रभर गस्त घातली. ती आठवण अजून ताजी आहे. म्हणून ग्रामसभेत विषय मांडा, पोलीस पाटलांना आणि ठाण्याला तारीख कळवा, आदल्या संध्याकाळी दवंडी द्या आणि गावाच्या व्हॉट्सॲप गटावरही टाका. कोण उडवणार, कुठून, किती वाजता, आणि फोटो कोणाकडे राहणार, एवढे चार मुद्दे पुरतात. गावठाणावरून उडू नका. त्याची गरजही नाही: गावठाणाची मोजणी स्वामित्व योजनेखाली सरकारच ड्रोनने करते. विहिरीवर कपडे धुणाऱ्या बायकांच्या डोक्यावर यंत्र घिरट्या घालू लागले की पाणलोटाचे काम त्या दिवशीच संपते.

साहित्य

किमान २० मेगापिक्सेलचा कॅमेरा असलेला आणि ठरवलेल्या रेषांवर आपोआप उडणारा ड्रोन, बॅटऱ्यांचे किमान चार संच, आरटीके जीपीएस संच (सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजणारा; तालुक्याच्या ठिकाणी मोजणीदारांकडे भाड्याने मिळतो), फक्कीची एक गोणी, मोजपट्टी, वही. ६४ जीबी मेमरीचा संगणक. त्यावर वेबओडीएम आणि क्यूजीआयएस ही दोन सॉफ्टवेअरे. दोन्ही मोफत आणि मुक्त आहेत. फोटो परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर चढवून नकाशा करून घेण्याची सोय असते, पण २०२१च्या भूस्थानिक मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे इतकी बारीक माहिती देशातच साठवायची आहे. घरच्या संगणकावर काम केले की तो प्रश्नच उरत नाही.

जमिनीवरच्या खुणा

हा टप्पा लोक टाळतात, आणि नकाशा इथेच बिघडतो. ड्रोन आकाशात असतो तो सगळा वेळ मिळून दोन सकाळी. खुणांसाठी त्याहून जास्त चालावे लागते.

खुणा कशाला? ड्रोनमधला साधा जीपीएस आडव्या दिशेत दोन-तीन मीटर चुकतो आणि उंचीत त्याहून अधिक. सगळा नकाशा एकसारखा सरकला तर निभावून जाईल. खरा घोटाळा वेगळा आहे. कॅमेऱ्याच्या भिंगाची वक्रता सॉफ्टवेअर फोटोंवरूनच काढते. सगळे फोटो सरळ खाली पाहणारे आणि एकाच उंचीवरचे असले की ही वक्रता किंचित चुकते, आणि सपाट शिवार नकाशात मध्यभागी पुरणपोळीसारखे फुगते, नाहीतर मध्यभागी खोल जाते. काळ्या रानाचा उतार कित्येकदा शेकडा अर्धाच असतो; पाचशे मीटरवर अडीच मीटर. त्यात अर्ध्या मीटरचा फुगवटा आला की पाणी उलट्या दिशेला वाहताना दिसते. रंगीत नकाशा पाहून ही चूक कोणालाच कळत नाही. कळते ती बंधारा बांधून झाल्यावर.

म्हणून दर शंभर हेक्टरला आठ-दहा खुणा घाला. चार कोपऱ्यांवर, कडांवर, मध्ये, आणि सगळ्यात उंच व सगळ्यात सखल जागेवरही. जमिनीवर फक्कीने अधिकचे चिन्ह काढा: प्रत्येक भुजा मीटरभर लांब, वीतभर रुंद. कापडाच्या किंवा फ्लेक्सच्या खुणा सुबक दिसतात, पण वाऱ्याने उडतात आणि शेरडे त्यांच्यावरून जातात. खडकावर पांढरा ऑइलपेंट लावा. तो पुढच्या वर्षीही कामाला येतो. झाडाखाली किंवा विजेच्या उच्चदाब तारेखाली खूण घालू नका.

आता आरटीकेने प्रत्येक चिन्हाचा मध्यबिंदू मोजा. दांडा उभा आहे का, दांड्याची उंची यंत्रात बरोबर भरली आहे का, हे प्रत्येक बिंदूला पाहा. वहीत बिंदूचे नाव, वेळ आणि जागेची खूण लिहा: ‘क ४, म्हसोबाच्या वरच्या बांधावर’. मोबाइलचा जीपीएस या कामाला चालत नाही. तो खुद्द ड्रोनइतकाच चुकतो, मग सुधारणा कसली?

दहांपैकी तीन खुणा सॉफ्टवेअरला सांगायच्या नाहीत. त्या राखून ठेवायच्या. नकाशा झाल्यावर त्यांच्यावरच त्याची परीक्षा घ्यायची आहे.

उंचीबद्दल एक सावधगिरी. उपग्रहाकडून मिळणारी उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. पश्चिम महाराष्ट्रात या दोन आकड्यांत साठ-सत्तर मीटरचा फरक पडतो. पाटबंधारे खात्याच्या आकड्याशी आपला आकडा जुळत नाही म्हणून घाबरू नका. सगळ्या बिंदूंना एकच पद्धत वापरली आहे ना, एवढे मात्र पक्के करा.

उड्डाण

आकडे एकदा कागदावर मांडले की पुढे सोपे जाते. एक इंची संवेदकाचा २० मेगापिक्सेलचा कॅमेरा १०० मीटर उंचीवरून एका फोटोत १५० × १०० मीटर जमीन टिपतो. एका ठिपक्यात सुमारे २.७ सेंटिमीटर. पुढच्या-मागच्या फोटोंत ८० टक्के आणि शेजारच्या रेषांत ७० टक्के भाग सामाईक हवा. म्हणजे दर २० मीटरला एक फोटो आणि रेषांमध्ये ४५ मीटर अंतर. चौरस किलोमीटरला, म्हणजे १०० हेक्टरला, २३ रेषा, साधारण साडेअकराशे फोटो. सेकंदाला ७ मीटर वेगाने उडाल्यास तासाभराचे काम, तीन-चार बॅटऱ्या. सामाईक भाग कमी करून बॅटरी वाचवू नका. उजाड काळ्या रानात सॉफ्टवेअरला ओळखीची खूण आधीच कमी सापडते.

उंचसखल गावात रेषा जमिनीच्या चढाप्रमाणे वरखाली जातील अशी योजना करा. नाहीतर पायथ्यापासून १०० मीटरवर असलेला ड्रोन ६० मीटर उंचीच्या टेकडीवर आला की जमिनीपासून ४० मीटरवरच असतो. फोटोंचा सामाईक भाग तिथे घटतो आणि नकाशाला भोके पडतात, नेमकी माथ्यावर. संपर्क तुटला तर परत येण्याची उंची शिवारातल्या सगळ्यात उंच टॉवरच्या वर ठेवा. पवनचक्क्या असलेल्या गावात त्या गटाचा भाग वेगळा उडवा.

सरळ खालच्या फोटोंचे काम झाले की कॅमेरा वीस-पंचवीस अंश तिरपा करून शिवारावरून आडव्या-उभ्या दोन-चार फेऱ्या मारा. वर सांगितलेल्या फुगवट्यावर खुणांच्या जोडीला हाच उपाय आहे. पंधरा मिनिटे लागतात. बाजारातले अनेक चालक हे करत नाहीत. करारातच लिहून घ्या.

सकाळी आठ ते साडेदहा ही वेळ चांगली. भर दुपारी सावल्या कमी पडतात हे खरे, पण एप्रिलमध्ये तेव्हा वारा उठतो, बॅटरी तापते आणि गरम हवेच्या झोतावर घारी वर चढतात. घार ड्रोनला भिडते. ती आलीच तर ड्रोन झटकन वर न्या, तिथेच फिरवत बसू नका. दोनदा आली तर उतरवा आणि दुसऱ्या टोकाकडून सुरू करा. कड्याला आग्यामोहोळ असेल तर त्या बाजूला जाऊच नये. ढगांच्या तुटक सावल्या पळत असतील तर थांबा. एकसारखे ढगाळ असेल तर उडवायला हरकत नाही. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की परत, आणि वापरलेली बॅटरी गाडीच्या टपावर उन्हात ठेवायची नाही.

शिवार सोडण्यापूर्वी फोटो लॅपटॉपवर उतरवून मोजा. कमी भरले तर त्याच सकाळी पुन्हा उडता येते.

संगणकावर

वेबओडीएममध्ये फोटो आणि खुणांची यादी टाका. प्रत्येक खूण निदान पाच-सहा फोटोंत माउसने नेमकी दाखवावी लागते; कंटाळवाणे आहे, पण करा. निर्देशांक पद्धती बहुतेक महाराष्ट्रासाठी यूटीएम पट्टा ४३ उत्तर. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागासाठी ४४. शेवटी हाती दोन गोष्टी येतात: सगळे फोटो जोडलेले मोठे छायाचित्र आणि उंचीचा नकाशा. झाडे-घरे वगळून जमिनीचाच उंचीनकाशा मागा.

मग राखून ठेवलेल्या तीन खुणांची उंची नकाशावर वाचा आणि वहीशी ताडून पाहा. फरक दहा सेंटिमीटरच्या आत असेल तर पुढे जा. तीस-चाळीस असेल तर कारण सापडेपर्यंत थांबा. बहुधा दांड्याची उंची चुकीची भरलेली असते.

क्यूजीआयएसमध्ये उंचीनकाशा आधी एक मीटरच्या चौकटीचा करून घ्या. पाच सेंटिमीटरच्या नकाशावर समपातळी रेषा काढल्या तर नांगराच्या प्रत्येक तासाभोवती रेषा वळसा घेते आणि काहीच वाचता येत नाही. त्यानंतर खड्डे भरून प्रवाहरेषा काढण्याची आज्ञा देण्याआधी रस्त्यांकडे बघा. रस्त्याखालची मोरी ड्रोनला दिसत नाही. उंचीनकाशात तो रस्ता धरणाच्या भिंतीसारखा आडवा उभा असतो, आणि सॉफ्टवेअर सगळे पाणी त्याच्या कडेने भलत्याच नाल्यात नेऊन सोडते. गावातल्या प्रत्येक मोरीची जागा पायी फिरून नोंदवा आणि तिथे उंचीनकाशाला तेवढी चीर पाडा. एवढे झाले की प्रवाहरेषा, पाणलोटाची हद्द, उताराचे टप्पे ही कामे काही मिनिटांची आहेत. प्रस्तावित बांधाच्या मागे अमुक पातळीला किती पाणी मावेल हेही तिथेच कळते.

गाव नकाशा त्यावर ठेवण्याचा मोह होईल. ठेवा, पण गट नंबर ओळखण्यापुरताच. जुन्या गटवारीच्या रेषा छायाचित्रातल्या बांधांवर चपखल बसत नाहीत, आणि कोणाचा बांध कोणी कोरला याचा निवाडा या नकाशाने होत नाही. ते काम भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीचे. नकाशाच्या कोपऱ्यात हे मोठ्या अक्षरात छापा, नाहीतर पाणलोट बाजूला राहील आणि तुमचा नकाशा कोर्टात फिरेल.

शिवारफेरी

छापलेला नकाशा घेऊन माथ्यापासून पायथ्यापर्यंत चाला. बरोबर दोन-तीन जुनी माणसे, एखादा गुराखी आणि पाणी भरणाऱ्या बायका हव्यात. ज्या दहा-बारा ठिकाणी काम सुचवायचे आहे तिथे हायड्रोमार्करने किंवा डंपी लेव्हलने उतार पुन्हा तपासा. मुरूम कुठे, खडक कुठे, पाणी कुठे मुरते हे ड्रोन सांगत नाही. नकाशातली सगळ्यात सोयीची बांधाची जागा कित्येकदा फुटलेल्या खडकावर असते आणि तिथे पाणी महिनाभरही टिकत नाही. विहिरीला पाणी उतरायला हवे असेल तर ती जागा चांगली, साठा हवा असेल तर वाईट. हा निर्णय गावाने करायचा.

गाळाचे मोजमाप

तलावातला गाळ किती निघाला यावर दर उन्हाळ्यात वाद होतात, आणि ड्रोनचा सगळ्यात रोकडा उपयोग इथे आहे. तलाव कोरडा असताना काढण्याआधी एक उड्डाण, काढून झाल्यावर दुसरे. दोन उंचीनकाशांची वजाबाकी म्हणजे निघालेला गाळ. तळाशी पाणी उरले असेल तर त्याखालचे दिसत नाही. तेवढा भाग वगळा.

दोन्ही वेळा त्याच पक्क्या खुणा वापरा: सांडव्याचा माथा, भिंतीवरचे दगड. एक हेक्टरच्या तळ्यात उंची सरसकट तीन सेंटिमीटर चुकली तर ३०० घनमीटरचा फरक पडतो, म्हणजे शंभरावर ब्रास. (ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर.) आणि ट्रॉल्या मोजून आलेला आकडा खड्ड्याच्या आकड्यापेक्षा मोठाच येतो, कारण खणलेला गाळ फुगतो. बिल कोणत्या आकड्यावर निघणार, हे काम सुरू होण्याआधी ठरवून कागदावर घ्या. पाण्याच्या ताळेबंदात मात्र खड्ड्याचाच आकडा धरायचा: हजार घनमीटर म्हणजे एक टीसीएम, दहा लाख लिटर.

मूळ फोटो, खुणांची यादी आणि वही यांची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात द्या, एक शाळेत ठेवा. पहिल्या मोठ्या पावसात नकाशा घेऊन बाहेर पडा, जिथे पाणी रेषेप्रमाणे वाहत नाही तिथे पेनाने खूण करा, आणि ती खूण ग्रामपंचायतीच्या प्रतीवरही करा.